घोड्याचे चोवीस तास

2 वाजून 41 मिनिटांनी मी त्या देवळापाशी पोहोचले. पिंपळाच्या पारावर केळ्यांचा घड, उकडलेल्या बटाट्यांची परात, मिठाची वाटी आणि कोकम सरबताचं पिंप. समोर एक टेबल, टेबलामागे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असलेला एक मुलगा. त्याने हातातल्या यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा यादीकडे.

"ताई, सॉरी. इथला कट-ऑफ अडीचचा होता."

घाटमाथ्यावरची 50 किलोमीटरची शर्यत होती. पहाटे 5 ला निघालो होतो. 36 किलोमीटर झाले होते, 14 उरले होते. पाय चालत होते, पोट ठीक होतं, पाठीवरच्या बॅगेत पाणी होतं. फक्त 11 मिनिटं नव्हती. ती कुठे गेली तेही मला नेमकं ठाऊक होतं. सकाळी एका खिंडीत मी मनगटावरच्या घड्याळात वेग बघत बघत पळत होते आणि कारवीला बांधलेली नारिंगी फीत माझ्या नजरेतून सुटली. अर्धी सोंड उतरल्यावर कळलं की आपण भलत्याच बाजूला चाललोय. पुन्हा चढून यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. चूक सर्वस्वी माझी होती. तरी त्या मुलाला मी विचारलंच, "अडीचच का? पावणेतीन का नाही?"

तो बिचारा म्हणाला, "ताई, मला फक्त यादी दिलीय." आणि कात्रीने माझ्या बिबवरची चिप कापून घेतली.

रात्री घरी फोन केला. आईचा प्रश्न दर वेळचाच होता. "अगं, पण कोण मागे लागलंय तुझ्या?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुन्या कोडमध्ये अधूनमधून एखादा आकडा सापडतो. 30, किंवा 86, किंवा 4096. तो तिथे का आहे हे कुणालाच माहीत नसतं, पण त्याला हात लावायची हिंमतही कुणाची होत नाही, कारण त्यावर अख्खी इमारत उभी असते. अशा वेळी 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड चालवायची. कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली ते ती सांगते. बहुतेक वेळा लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो आणि कारण भलतंच निघतं. त्या आठवड्यात सुजलेले पाय उशीवर ठेवून पडले होते, तेव्हा मी माझ्या या छंदावरच गिट ब्लेम चालवायचं ठरवलं.

मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपेक्षा लांब पळणं म्हणजे अल्ट्रा, आणि ते डांबर सोडून डोंगर-जंगलाच्या वाटेने पळणं म्हणजे ट्रेल अल्ट्रा. या जगातलं मानाचं अंतर म्हणजे 100 मैल, साधारण 161 किलोमीटर. आणि मानाची वेळ 24 तास. "सब-24" असं कुणाच्या प्रोफाइलवर दिसलं की आम्ही मनातल्या मनात नमस्कार करतो. हे 24 तास कुठून आले, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पृथ्वी तेवढ्या वेळात एक फेरी मारते, म्हणून असेल. उत्तर निघालं घोडा.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत टाहो सरोवराच्या बाजूने ऑबर्न गावाकडे उतरणारी एक जुनी वाट आहे. पायूट आणि वाशो लोकांनी तुडवलेली, नंतर सोन्या-चांदीच्या खाणवाल्यांनी वापरलेली. ऑबर्नमध्ये वेंडेल रोबी नावाचा एक मातबर माणूस होता. लाकडाचा धंदा, बँक, आणि घोड्यांचं वेड. आताच्या घोड्यांत जुन्या काळची धमक राहिली नाही, एका दिवसात 100 मैल जाणारे घोडे आता कुठले, असं बोलणं त्याच्या कानावर होतं. 1955 साली तो काही साथीदारांना घेऊन या वाटेवरून निघाला आणि एका दिवसात ऑबर्नला पोहोचला. त्यातून घोड्यांची एक वार्षिक शर्यत सुरू झाली, तिला पुढे टेविस कप हे नाव मिळालं. नियम एवढाच की घोडा 24 तासांत पोहोचला पाहिजे आणि धड अवस्थेत पोहोचला पाहिजे. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य नाडी बघणार, पाय बघणार, जनावर थकलंय असं वाटलं तर तिथेच थांबवणार. मुदतीत पोहोचलेल्या स्वाराला चांदीचं बक्कल मिळायचं, पट्ट्याला लावायचं. आजही जगभरातल्या 100 मैलांच्या कित्येक शर्यतींत पदकाऐवजी बक्कल मिळतं. घोड्यावर कधी न बसलेली, कमरेला पट्टाही न लावणारी माणसं ते घरी आणून काचेच्या कपाटात ठेवतात.

या शर्यतीत गॉर्डी एन्सली हा दाढीवाला, नव्वद किलोच्या वरचा तरुण भाग घ्यायचा. 1971 आणि 1972 मध्ये त्याने ती घोड्यावरून पूर्ण केली. 1973 मध्ये त्याचा नवा घोडा वाटेत लंगडायला लागला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी त्याच्याकडे घोडाच नव्हता. शर्यतीचं कामकाज बघणाऱ्या ड्रुसिला बार्नर, ज्या 1961 मध्ये टेविस कप जिंकणारी पहिली स्त्री ठरल्या होत्या, त्यांनी त्याला सुचवलं की पायीच का येत नाहीस? ही सूचना किती गंभीर होती कोण जाणे. त्याने मात्र ती गंभीरपणे घेतली.

3 ऑगस्ट 1974. तापमान 40 अंशांच्या वर. घोडेस्वारांच्या शर्यतीत एक माणूस आपल्या दोन पायांवर. जेल, इलेक्ट्रोलाइट, हेडलँप, वाटेवर खायला देणारी टेबलं, यांतलं आज आम्हाला गृहीत वाटणारं काहीही त्याच्यासाठी मांडलेलं नव्हतं. खोल दऱ्यांमध्ये उष्णता तापलेल्या तव्यासारखी साचते. मुदत त्याचीही तीच होती, घोड्यांची. तो ऑबर्नला पोहोचला तेव्हा 23 तास 42 मिनिटं झाली होती.

म्हणजे 18 मिनिटं शिल्लक! रोबीच्या डोक्यात 1955 साली "एका दिवसात" ऐवजी "वीस तासांत" असा पण बसला असता, तर गॉर्डी अपयशी ठरला असता, आणि त्या दिवसाची गोष्ट कदाचित कुणी सांगितलीही नसती.

ही शंका मी उगाच काढत नाही. कारण त्या वाटेवरून पायी जाणारा गॉर्डी हा पहिला माणूस नव्हताच. त्याच्या दोन वर्षं आधी, 1972 मध्ये, कॅन्ससमधल्या फोर्ट रायली या लष्करी तळावरचे 20 सैनिक घोड्यांच्या शर्यतीच्याच सुमारास ही वाट पायी चालायला निघाले होते. त्यांतले 7 शेवटपर्यंत पोहोचले. त्यांना जवळपास दोन दिवस लागले. त्यांना तेव्हा गौरवलंही गेलं, पण मग अनेक दशकं त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. आख्यायिकेला 24 तासांच्या आतला माणूस हवा होता. दोन दिवस चालत राहणारे सात जण तिच्यात बसेनात.

घोड्याशी बरोबरी हे वेड फक्त त्या गावाचं नव्हतं. वेल्समधल्या लॅनर्टिड वेल्स या छोट्या गावात एका पबमध्ये वाद झाला की डोंगराळ वाटेवर पुरेसं लांब अंतर असेल तर माणूस घोड्याला हरवेल का. 1980 पासून तिथे दरवर्षी माणूस विरुद्ध घोडा अशी शर्यत होते, साधारण पस्तीस किलोमीटरची. माणूस जिंकला नाही की बक्षिसाची रक्कम पुढच्या वर्षी हजार पौंडांनी वाढायची. ती वाढत वाढत 25 हजारांवर गेली, तेव्हा कुठे 2004 मध्ये ह्यू लॉब हा धावपटू पहिल्यांदा घोड्यांच्या पुढे पोहोचला. योगायोग असा की त्याच वर्षी 'नेचर' साप्ताहिकात डेनिस ब्रँबल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांनी मांडलं की लांब पळणं हा माणसाच्या शरीराच्या घडणीतला एक महत्त्वाचा भाग असावा. पायातले स्प्रिंगसारखे लांब स्नायुबंध, पळताना डोकं स्थिर ठेवणारी मानेची रचना, केस विरळ झालेली आणि भरपूर घाम गाळणारी कातडी. वेगात आपण ससा सोडा, गल्लीतल्या कुत्र्यालाही हरवू शकत नाही. पण भर उन्हात तासन्‌तास न थांबता जात राहणं, यात आपण जनावरांच्या पहिल्या रांगेत बसतो. या सिद्धांतावर अजून वाद आहेत. पण 1974 ची ती दुपार आठवली की मला तो खरा वाटायला लागतो, आणि मे महिन्यात सिंहगड चढताना पुन्हा खोटा.

आता गॉर्डीच्या मागून आलेल्यांकडे जाऊ, कारण माझ्या 11 मिनिटांचं उत्तर मला तिथे सापडलं, निदान अर्धं.

1977 मध्ये पहिल्यांदा त्या वाटेवर अधिकृतपणे माणसांची शर्यत ठेवली गेली, अजून घोड्यांच्याच सोबत. 14 जण निघाले. तपासणीही घोड्यांच्याच थांब्यांवर. 22 वर्षांचा अँडी गोन्झालेस 22 तास 57 मिनिटांत पोहोचला. 24 तास उलटले, मुदत संपली. वाटेवर मात्र अजून दोघं चालत होते, पीटर मॅटी आणि राल्फ पॅफेनबार्गर. ते एकत्र पोहोचले तेव्हा 28 तास 36 मिनिटं झाली होती.

यातला पॅफेनबार्गर हा कुणी हौशी रिकामटेकडा नव्हता. तो साथरोगशास्त्रज्ञ होता, पन्नाशी ओलांडलेला. गोदीत ओझी उचलणाऱ्या कामगारांचा आणि विद्यापीठातून बाहेर पडलेल्या हजारो माजी विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून, अंगमेहनत आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांनी दाखवणाऱ्या पहिल्या फळीतल्या संशोधकांपैकी एक. आज आपलं घड्याळ जे "उठा, चाला" म्हणून मनगटावर थरथरतं, त्याच्या मागे कुठेतरी याचंही काम आहे. असा माणूस घोड्याच्या मुदतीत बसला नाही.

मग काय झालं? आयोजकांनी त्या दोघांना बाद करून विषय संपवला नाही. त्यांच्या त्या उशिरा येण्यावरूनच 30 तासांचा वेगळा मान सुरू झाला. 24 च्या आत चांदीचं बक्कल, 30 च्या आत ब्राँझचं. 1978 पासून शर्यत घोड्यांपासून वेगळी होऊन जूनमध्ये व्हायला लागली. त्या वर्षी 63 जण निघाले, 30 पोहोचले, आणि त्यांत पॅट स्मिथ ही पहिली स्त्री होती. तिची वेळ होती 29 तास 34 मिनिटं. एक वर्ष आधीच्या नियमात ती बसली नसती.

हे वाचून मी उठून बसले. 30 तासांचा आकडा कुठल्या समितीने किंवा डॉक्टरने गणित करून काढलेला नव्हता. दोन माणसं उशिरा आली, पण आली, म्हणून तो तयार झाला. आणि आता तोच आकडा इतका पवित्र झालाय की वेस्टर्न स्टेट्सचा शेवटचा तास बघायला लोक जिंकणाऱ्यापेक्षा जास्त गर्दी करतात. शनिवारी पहाटे 5 ला सुटलेली शर्यत रविवारी सकाळी 11 ला संपते, ऑबर्नमधल्या एका शाळेच्या ट्रॅकवर. 2015 मध्ये त्या ट्रॅकवर 70 वर्षांच्या गनहिल्ड स्वान्सन शेवटची फेरी पळत होत्या. सगळं स्टेडियम उभं. काही तासांपूर्वी जिंकून विश्रांती घेत असलेला रॉब क्रारसुद्धा त्यांच्याबरोबर पळत आला होता. त्या पोहोचल्या तेव्हा घड्याळात 29 तास 59 मिनिटं 54 सेकंद होते. त्या 6 सेकंदांचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल, सांगायला लाज वाटते.

अशा मुदतींची कुळं शोधायची सवयच लागली मग. एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सहा दिवस चालण्या-पळण्याच्या शर्यतींचं प्रचंड वेड होतं. बंदिस्त सभागृहात गोल गोल, तंबाखूच्या धुरात, तिकीट काढून आलेल्या हजारोंसमोर. सहाच दिवस का? सातवा दिवस रविवार, त्या दिवशी असले तमाशे वर्ज्य. 1888 मध्ये जॉर्ज लिटलवुडने न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांत 623 मैलांच्या वर अंतर काटलं, म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त. हा विक्रम 1984 मध्ये ग्रीसच्या यानिस कुरोसने मोडेपर्यंत 96 वर्षं टिकला. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची गोष्ट आणखी व्यवहारी. 1982 मध्ये तिथली मोठी मॉलिब्डेनमची खाण बंद पडली, गावातली हजारो माणसं बेकार झाली. केन क्लाउबर या खाणकामगाराने पुढच्याच वर्षी तीन हजार मीटर उंचीवर 100 मैलांची शर्यत सुरू केली, आणि त्यामागचा एक हिशेब असा होता की इतकी लांब शर्यत असली म्हणजे येणाऱ्याला गावात रात्री मुक्काम करावाच लागेल. देवाचा वार, घोड्याचा दम आणि लॉजचं भाडं. ज्या आकड्यांसाठी आम्ही पायाची नखं घालवतो, ते असे जमलेत.

पण सगळ्यांत विचित्र मुदत टेनेसीतल्या बार्कली मॅरेथॉन्सची. 1977 च्या जूनमध्ये ब्रशी माउंटन तुरुंगातून जेम्स अर्ल रे पळाला. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी. आजूबाजूचं जंगल इतकं अवघड की 54 तासांनी तो सापडला तेव्हा तुरुंगापासून जेमतेम 13 किलोमीटरवर होता. गॅरी कँट्रेल नावाच्या धावपटूने ही बातमी ऐकून थट्टा केली की एवढ्या वेळात मी 100 मैल गेलो असतो. थट्टेतून 1986 मध्ये शर्यत झाली. पुढे तिचं जे रूप ठरलं ते असं: एकाच वेड्यावाकड्या वाटेच्या पाच फेऱ्या, 60 तास, सगळ्या चढांची बेरीज एव्हरेस्टच्या उंचीच्या दुपटीच्या घरात. वाटेवर फिती नाहीत, जीपीएस चालत नाही. जंगलात जुनी पुस्तकं लपवलेली असतात, आपल्या बिबच्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं. प्रवेश फी 1 डॉलर 60 सेंट. कँट्रेल, ज्याला सगळे लाझरस लेक म्हणतात, शंख फुंकतो तेव्हा समजायचं की एक तासाने सुटायचंय. आणि तो सिगारेट पेटवतो तो क्षण म्हणजे सुरुवात. 1995 मध्ये पहिल्यांदा कुणी पाचही फेऱ्या पुऱ्या केल्या. अनेक वर्षं अशी गेली की एकही माणूस पूर्ण करू शकला नाही. बाईला तर ही शर्यत जमणारच नाही, असं लाझरस उघड म्हणायचा.

2024 च्या मार्चमध्ये जास्मिन पॅरिस तिसऱ्यांदा तिथे आली. ती स्कॉटलंडमध्ये राहते, पेशाने पशुवैद्य आहे. घोड्यांच्या तपासणीतून जन्मलेल्या या खेळात मला हे फार आवडतं. 2019 च्या जानेवारीत तिने इंग्लंड-स्कॉटलंडमधली 268 मैलांची स्पाइन रेस जिंकली होती, पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे, 83 तासांत. तेव्हा तिची मुलगी 14 महिन्यांची होती आणि जास्मिन वाटेतल्या थांब्यांवर दूध काढून ठेवत होती. बार्कलीला शेवटच्या चढावर ती आली तेव्हा दोन दिवस-दोन रात्री उलटून गेलेल्या होत्या. पिवळ्या फाटकाला हात लावून ती जमिनीवर कोसळली. 59 तास, 58 मिनिटं, 21 सेकंद. 99 सेकंद शिल्लक.

फाटक, मुदत, घरी तान्हं मूल. मराठी माणसाला इथे कुणाची आठवण येणार हे सांगायला नको. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, पहारेकऱ्यांचा नकार, आणि रात्री कडा उतरून बाळाकडे गेलेली आई. ही कथा आहे, मी कथा म्हणूनच सांगते. पण तिचा शेवट लहानपणी माझ्या लक्षात आला नव्हता. तिचा सन्मान झाला, आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला गेला. आमच्या भाषेत बोलायचं तर तिने यंत्रणेतली फट दाखवून दिली आणि गडाने पॅच टाकला. जास्मिन मुदतीत पोहोचली. हिरकणीला मुदत चुकली होती. आणि दोघींनंतर काहीतरी हललं, एका ठिकाणी एका म्हाताऱ्याचं मत, दुसऱ्या ठिकाणी तटबंदी.

इथवर आले तेव्हा माझा लेख जवळपास तयार झाला होता. मुदती म्हणजे कुणाच्या तरी लहरी, आणि त्या उशिरा येणारी माणसं बदलतात. फार छान वाटत होतं. त्या यादीवाल्या मुलाला मनातल्या मनात मी हरवलं होतं.

मग मी गान्सूबद्दल वाचलं. नाव ऐकलं होतं, तपशील कधी वाचले नव्हते, खरं तर टाळले होते. 22 मे 2021. चीनच्या गान्सू प्रांतात पीत नदीकाठच्या डोंगरांत 100 किलोमीटरची शर्यत. 172 जण धावत होते. दुपारी उंचावर अचानक गारपीट, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा. अंगात हाफ पँट आणि पातळ टी-शर्ट. वाऱ्यापासून बचाव करणारं जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतं. 21 जण गारठून मेले. त्यांत चीनमधल्या सर्वोत्तम अल्ट्रा धावपटूंपैकी एक लियांग जिंगही होता. म्हणजे सगळ्यांत वेगवान माणसं, जी कुठलाही कट-ऑफ कधी चुकवत नाहीत. मेंढ्या घेऊन वर गेलेल्या एका मेंढपाळाने, तो स्वतः ज्या गुहेत आसऱ्याला थांबला होता तिथे, सहा जणांना ओढून आणलं, शेकोटी पेटवली, आणि ते वाचले. त्या दिवशी कुणीतरी यादी हातात घेऊन "ताई, सॉरी" म्हणायला हवं होतं.

लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी मी मैत्रिणीला घेऊन त्या देवळापाशी गेले. उरलेले 14 किलोमीटर बघायचे होते. पिंपळाखाली काहीच नव्हतं, पारावर वाळत घातलेल्या मिरच्या तेवढ्या. पाय ताजे होते, पोटात सकाळचे पोहे होते, घाई नव्हती पण रेंगाळलोही नाही. सडा ओलांडला, एक टेकाड, मग एक अरुंद धार. आणि शेवटचे तीन किलोमीटर नुसता घसारा. उभी उतरण, पायाखाली सुटे दगड, धरायला वाळलेलं गवत. दोन ठिकाणी मी सरळ बसून उतरले. खाली आलो तेव्हा 4 तास 5 मिनिटं झाली होती.

हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागला नाही. त्या दिवशी 2 वाजून 41 मिनिटांनी त्याने मला सोडलं असतं, आणि 36 किलोमीटर पळून आलेल्या पायांनीही मी एवढ्याच वेगाने गेले असते, तर पावणेसात वाजले असते. डिसेंबरात त्या बाजूला सहाच्या सुमाराला सूर्य डोंगराआड जातो. माझ्याकडे हेडलँप नव्हता. दिवसाची शर्यत म्हणून गाडीत ठेवून आले होते.

वाट आखणाऱ्यांपैकी एका दादांना नंतर गाठून विचारलंच. ते म्हणाले, "सोपंय. शेवटच्या माणसाने तो घसारा उजेडात उतरला पाहिजे. तिथून मागे मोजत आलो, देवळापाशी अडीच निघाले." माझ्या गिट ब्लेमने घोडा, रविवार, लॉज, सिगारेट सगळं शोधलं होतं. सूर्य राहिला होता.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं, घसाऱ्यासकट. कोण मागे लागलंय याचं उत्तर अखेर मिळालंय, असंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पहाटे चारला सोडा की सगळ्यांना."

दादांना मेसेज केलाय. अजून निळी टिक आलेली नाही.